सासऱ्यांचं मासेघर आणि दोन थर्मोस्टॅट

आमच्या गावात कुणी कुणाला शिव्या देत नाही. माणसं फार सुसंस्कृत आहेत असं नाही. शिवीची गरजच पडत नाही, कारण आमच्याकडे "वेगळंच आहे हं" हे वाक्य आहे. चर्चच्या तळघरातल्या जेवणात एखाद्या नव्या सुनेच्या हॉटडिशचा, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या मांस-बटाट्याच्या खिचड्याचा, घास घेऊन कुणी शांतपणे "वेगळंच आहे हं" म्हणालं, तर त्या सुनेने मुकाट्याने कोट उचलावा, भांडं उचलावं आणि शक्यतो जिल्हा बदलावा. कौतुकाचं टोक म्हणजे "तसं वाईट नाही." उत्तर मिनेसोटात कौतुकाला याच्या वरची पायरी नाही. याच्या वर थेट स्वर्ग.

माझे सासरे अर्लिन स्कोगन यांनी हे वाक्य आयुष्यात दोनदाच खर्च केलं आहे. एकदा माझी बायको ब्रिटा जन्मली तेव्हा, आणि एकदा मांडीएवढा पाईक मासा गळाला लागला तेव्हा. माशाच्या वेळी आवाज जास्त भरून आला होता, असं माझ्या सासूबाई शेवटपर्यंत सांगत.

माझ्यावर ते अद्याप खर्च झालेलं नव्हतं. मी मूळचा मिनियापोलिसचा, म्हणजे अर्लिनच्या हिशेबाने परदेशी. शिवाय धंदा कानाची यंत्रं बसवण्याचा. अर्लिनच्या कानातलं यंत्रही मीच बसवलेलं आहे. मी बोलायला लागलो की त्यांचं बोट सावकाश कानाकडे जातं आणि यंत्र बंद होतं. स्वतःला गप्प करायचं साधन स्वतःच्या हाताने, गॅरंटीसकट, सासऱ्याच्या कानात बसवून देणारा मी बहुधा पहिलाच जावई असेन.

तर त्या हिवाळ्यात अर्लिनच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांचं मासेघर तळ्यावर अडकलं. मासेघर म्हणजे चाकांवरचं लाकडी खोपट. बिग स्पून तळं गोठलं की ते ओढून बर्फाच्या मधोमध नेऊन ठेवायचं. आत शेगडी, दोन बाक आणि जमिनीला भोकं. त्या भोकांत दोरी सोडून अर्लिन आख्खा हिवाळा बसतात. मासे मिळावेत असा त्यांचा आग्रह नसतो. गावात कुणीतरी बोलत असतं, तिथे कुणी बोलत नाही, एवढं त्यांना पुरतं.

पण मार्चातल्या ठरलेल्या सोमवारपर्यंत सगळी मासेघरं बर्फावरून हललीच पाहिजेत असा कायदा आहे. आणि मालकाचं नाव भिंतीवर ठळक लिहिलं पाहिजे असाही. या दोन कायद्यांची गाठ पडली की काय होतं, ते फक्त आमच्याच लोकांना कळेल. बर्फ वितळतो, घर कलतं, आणि सगळ्या गावासमोर तुमचं नाव एकेक अक्षर करत पाण्यात जातं. तळ्यापलीकडच्या एका गृहस्थाचं असं गेलं होतं. ते पुढे ॲरिझोनात राहायला गेले.

"मी काढतो ना," मी जेवणाच्या टेबलावर म्हणालो.

काट्याचमच्यांचे आवाज थांबले. ब्रिटाने टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ मारली, पण तिचं टायमिंग लग्नापासून असंच, थोडं उशिराचं.

अर्लिननी खिशातून त्यांच्या डिझेल पिकअपची किल्ली काढून बटाट्यांच्या भांड्याशेजारी ठेवली.

"गाडी गरम झाल्याशिवाय ओढायला लावायची नाही," ते म्हणाले. "काटा मध्यावर आला पाहिजे."

"अगदी! म्हणजे इंजिनाचं असं असतं की..."

त्यांचं बोट कानाकडे गेलं.

काटा मध्यावर येत नव्हता, ही एकच अडचण होती. पिकअप बैलासारखी दणकट, पण कितीही चालवली तरी काटा तळाशी मान टाकून पडलेला. हीटर लावला की तोंडावर ध्रुवप्रदेश यायचा. काचेवर बाहेरून बर्फ जमतो हे सगळ्यांनाच माहीत आहे; या गाडीत तो आतून जमायचा आणि मी एका हाताने सुकाणू धरून दुसऱ्या हाताने ग्रंथालयाच्या कार्डाने तो खरवडायचो. 

पहिला सल्ला समोरच्या व्हर्जिलने दिला. व्हर्जिल म्हणजे गावच्या अग्निशमन दलाचा प्रमुख. आग क्वचितच लागते, त्यामुळे सल्ला द्यायला मोकळा.

"पुठ्ठा लावून बघ," तो म्हणाला. "रेडिएटरच्या पुढे. वारा आत गेला नाही की इंजिन तापतं. इथे सगळेच लावतात."

खरंच सगळे लावतात. आमच्याकडे हिवाळ्यात डिझेल गाड्या नाकात पुठ्ठा घालूनच फिरतात. मी तळघरातून फ्रीझरच्या खोक्याचा पुठ्ठा आणला, कापला आणि पुढच्या जाळीमागे सरकवला. खोक्यावर पेंग्विनचं चित्र होतं. जाळीच्या फटीतून त्याचा एक डोळा आणि अर्धी चोच बाहेर दिसायची. काटा करंगळीच्या नखाएवढा हलला.

दुसरा सल्ला शेजारच्या डॉर्डी लिंडक्विस्ट यांचा. चर्चच्या स्वयंपाकघरावर या बाईंची सत्ता चालते, आणि त्यांच्या स्मरणशक्तीला गाव वचकून असतं. "एका पुठ्ठ्याने काय होतंय?" त्या म्हणाल्या. "थंडीत आपण एकच सदरा घालतो का?" मी पहिल्यामागे दुसरा पुठ्ठा घातला. काटा तिथेच.

शेवटी मी अभ्यासाला बसलो आणि रोगाचं निदान केलं: थर्मोस्टॅट. इंजिनातल्या पाण्याच्या वाटेवर बसलेली ही एक छोटी झडप. इंजिन गार असेपर्यंत तिने दार लावून बसायचं आणि तापलं की उघडायचं, एवढीच तिची नोकरी. आमची झडप दार सताड उघडं टाकून बसली होती. अशी माणसं प्रत्येक कार्यालयात असतात, पण तिथे त्यांच्यामुळे कुणी गारठून मरत नाही.

गॅरेजवाल्याने सोमवारनंतरची वेळ दिली. बाहेर तोवर हवा फिरली होती. पागोळ्या सुरू झाल्या. थेंब, थेंब, थेंब. मला बसवेना. कानाच्या दुकानात लोकांना "कुठला आवाज ऐकू येतोय सांगा" म्हणायचो आणि मला स्वतःला पागोळ्या ऐकू यायच्या. जेवणाच्या सुट्टीत तळ्याकाठी जाऊन बघायचो. रोज एखादं मासेघर कमी झालेलं असायचं. अखेर लाल रंगाचं, पांढऱ्या अक्षरांत "अर्लिन स्कोगन" लिहिलेलं एकटंच उरलं. लांबून सुद्धा नाव सुरेख वाचता येत होतं. अक्षर सासूबाईंचं होतं.

मी निसर्गखात्याच्या बाईंना फोन केला. सोमवार जरा पुढे सरकेल का, असं विचारलं.

"तुमची अडचण मला अगदी समजते हो," त्या प्रेमाने म्हणाल्या. "पण सोमवार आमच्याकडे येतो तो ठरूनच येतो."

म्हणून मी स्वतःच थर्मोस्टॅट बदलायचं ठरवलं.

सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर लायल असतो. त्याने गाडीचं साल विचारलं, इंजिन विचारलं आणि मग जरा थांबून विचारलं, "एक देऊ?"

आता, हा प्रश्न मला विचित्र वाटायला हवा होता. माणूस डोक्याला टोपी मागायला गेला तर दुकानदार "एक देऊ?" विचारत नाही. पण माझ्यामागे रांग होती आणि रांगेत माझ्यापेक्षा तेलकट टोप्या घातलेली माणसं होती.

"एकच," मी ठसक्यात म्हणालो.

"बरं," लायल म्हणाला. त्याने डबी पिशवीत घातली, पिशवीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "वेगळंच आहे हं."

मला वाटलं, तो हवेबद्दल बोलतोय.

शनिवारी सकाळी मी घरापुढे पिकअपचं बॉनेट उघडलं. आमच्याकडे बॉनेट उघडलं की पुरुष आपोआप उगवतात. हातात कॉफी, हात खिशात (कॉफी धरलेला सोडून), आणि गाडीभोवती अर्धवर्तुळ. कुणी काही सुचवत नाही. सुचवणं म्हणजे समोरच्याला येत नाही असं म्हणणं, आणि तसं म्हणण्यापेक्षा आमची माणसं त्याला आनंदाने हात कापून घेऊ देतील.

"मदत करू का?" व्हर्जिलने विचारलं.

"छे छे, कशाला!" मी म्हणालो.

इथे एक खुलासा करायला हवा. आमच्याकडे कुठलीही गोष्ट तीनदा विचारली जाते. पहिल्यांदा नाही म्हणायचं, ती सभ्यता. दुसऱ्यांदा नाही म्हणायचं, तो विनय. तिसऱ्यांदा सुस्कारा सोडून "बरं, तुमचा एवढा आग्रहच आहे तर" म्हणायचं. पहिल्याच खेपेला हो म्हणणारा मनुष्य कोडगा, आणि तिसऱ्या खेपेलाही नाही म्हणणारा कॅलिफोर्नियाचा.

"नाही, म्हणजे मला तसा वेळ आहे," व्हर्जिल दुसऱ्यांदा म्हणाला.

"तुमचा शनिवार कशाला वाया घालवता?" मी विनयाने म्हणालो आणि तिसऱ्या खेपेची वाट पाहत पाना हातात धरून उभा राहिलो.

व्हर्जिलने तोंड उघडलं. एवढ्यात त्याच्या बायकोने पलीकडून हाक मारली आणि तो गेला.

परत आला तेव्हा मी गाडीखाली गुडघाभर संकटात होतो, पण मोजणी मोडली होती. आता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार, आणि एकाच माणसाला एकाच सकाळी पाचदा विचारणं म्हणजे अंगचटीला येणं. त्याला ते कळत होतं. मला कळत होतं. दोघेही एकमेकांकडे दुःखाने बघत राहिलो. तो कॉफी पीत होता.

रेडिएटरची तोटी उघडली आणि जुनं पाणी बादल्यांत काढलं. पाणी म्हणजे न गोठणारं ते औषधी पाणी, मूळचं नारिंगी. आता त्याचा रंग गटाराला लाज वाटेल असा झाला होता. ते विषारी, कुठेही ओतता येत नाही, म्हणून मी जिल्ह्याच्या घातक कचरा केंद्राला फोन लावला.

"आमचं केंद्र मे महिन्यात उघडतं," पलीकडच्या बाई म्हणाल्या.

"पण बादल्या आत्ता भरल्यात."

"हो का? छान."

"मे महिन्यापर्यंत त्या ठेवू कुठे?"

"सुरक्षित जागी ठेवा हं. जिथे कुणी सहसा जात नाही अशा."

आमच्या घरात कुणी सहसा जात नाही अशी जागा नाही. मी बादल्या न्हाणीघरातल्या टबात ठेवल्या. ब्रिटा दारात उभी राहून टबाकडे बघत होती.

"मी बाबांकडे आंघोळीला जाते," ती म्हणाली.

"मे महिन्यापर्यंतच," मी म्हणालो.

ती "वेगळंच आहे" असं म्हणाली नाही. प्रेमविवाह आहे आमचा.

मग मी झडपेवरचं झाकण खोललं. आत एक थर्मोस्टॅट होता. आणि त्याच्या शेजारी आणखी एक थर्मोस्टॅट होता. दोन जावा एका ओसरीवर बसाव्यात तसे. थोरली आधी उघडते, धाकटी तिचं बघून मागाहून, आणि एक बिघडली की दुसरीचं डोकं ठिकाणावर राहत नाही, म्हणून दोघींना एकदमच निरोप द्यायचा असतो. हे सगळं माझ्या भोवतीच्या अर्धवर्तुळाला जन्मापासून माहीत होतं.

"दोन आहेत," मी म्हणालो.

"असतात," अर्धवर्तुळ म्हणालं.

मी ब्रिटाची छोटी गाडी घेऊन पुन्हा लायलकडे गेलो. त्याने दुसरी डबी आधीच काउंटरवर काढून ठेवली होती. तिच्यावर धूळ नव्हती. मी पहिली घेऊन बाहेर पडल्या पडल्याच त्याने ती काढली असणार.

"लायल, तू बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तुझा काही विचार असेल."

हे आमच्याकडचं दुसरं महत्त्वाचं वाक्य. दुसऱ्याच्या मूर्खपणाला विचार समजून मान देणं, याला इथे शेजारधर्म म्हणतात.

परतलो तेव्हा डॉर्डीबाई लिंबाच्या वड्यांचं ताट घेऊन आल्या होत्या. ताटात एकच वडी उरली होती आणि ती कुणीच घेत नव्हतं. तिचे निम्मे, निम्म्याचे निम्मे असे तुकडे होत होते. त्या गाडीच्या पुढ्यात वाकल्या.

"पेंग्विन अजून आहे वाटतं?" त्यांनी विचारलं.

"आहे ना!" मी आतून ओरडलो.

"मस्त आहे हो," त्या म्हणाल्या. आणि जरा वेळाने, "डोळा बोलका आहे."

संध्याकाळच्या आत दोन्ही जावा जागेवर बसल्या, नवं पाणी भरलं आणि मी गाडी सुरू केली. अर्धवर्तुळ पुढे झुकलं. काटा हलला. चढला. मध्यावर येऊन असा ठाम उभा राहिला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते गाडीतल्या उबेमुळेही असेल. मी गावाला तीन चकरा मारल्या. हीटर लावून, काचा खाली करून, नुसत्या सदऱ्यावर. बर्फात लोक थांबून बघत होते. मी हात हलवत होतो. त्या मिरवणुकीत फक्त हत्तीच कमी होता.

रविवारी चर्चमध्ये मला कळलं की माझ्यावर सोडत निघाली आहे.

दर वर्षी आमचं अग्निशमन दल तळ्यावर एक मोडकी मोटार नेऊन ठेवतं आणि ती कधी बुडेल यावर गाव पैसे भरून अंदाज लावतं. ज्याचा अंदाज खरा ठरेल त्याला एक आख्खा हॅम, म्हणजे धुरी दिलेली डुकराची मांडी. यंदा मोटार ठेवायला बंदी आली. तर कुणाच्या तरी लक्षात आलं की तळ्यावर आपोआपच एक वस्तू उरलेली आहे.

"मनाला लावून घेऊ नकोस," डॉर्डीबाई कॉफी ओतत म्हणाल्या. सगळ्यांचे अंदाज त्यांनी तोंडपाठ ठेवले होते. "मी मंगळवार सकाळ घेतलीय. तुझ्याविषयी मला आदर आहे म्हणून मंगळवार."

"आणि पैसे कशाला जाणार?"

"बर्फाच्या पाण्यात पडलेल्यांना काढायला नवे पोशाख घेणार," व्हर्जिल म्हणाला. "तू पडलास तर जुन्या पोशाखात काढायचं म्हणजे आम्हालाच कसंतरी वाटणार."

म्हणजे कार्यक्रम माझ्याच कल्याणाचा होता. मी आभार मानले. मग ब्रिटाकडे पाहिलं. ती प्रार्थनेच्या पुस्तकात मान घालून बसली होती.

"तूही?"

"सोमवार दुपार," ती पुटपुटली. "अरे, देणगी म्हणून."

त्या रात्री मला झोप लागली नाही याचं वर्णन करत नाही. पागोळ्यांचं एकदा झालेलं आहे.

सोमवारी सकाळी देवाने कृपा केली आणि कडक थंडी पडली. मधला बर्फ अजून जाड होता. काठाशी मात्र मऊ पडला होता, तिथे व्हर्जिलच्या माणसांनी फळ्या टाकल्या होत्या. सगळं गाव काठावर. घडीच्या खुर्च्या, थर्मास, मांडीवर गोधड्या. आणि अर्लिन काठी टेकत आले आणि न बोलता पिकअपमध्ये माझ्या शेजारी चढून बसले.

"तुम्ही काठावरच थांबा ना," मी म्हणालो. "गुडघा..."

"माझं नाव तिकडे आहे," ते म्हणाले. "मी इकडे काय करू?"

जाताना काटा मध्यावर, हीटर उबदार, मी खूश. मासेघर बर्फात रुतलं होतं. कुऱ्हाडीने चाकं मोकळी केली, आकडा अडकवला आणि गाडी सर्वात खालच्या गिअरमध्ये टाकली. मासेघर कण्हलं आणि हललं. खालचा बर्फही कण्हला. जाड बर्फ असा गडगडतो तेव्हा काळजीचं कारण नसतं, असं सगळे म्हणतात. मी अर्लिनकडे पाहिलं. त्यांनी कानातलं यंत्र बंद केलं होतं.

"काय झालं?" मी ओरडलो.

"बर्फ बोलायला लागला की मी ऐकत नाही," ते म्हणाले.

अर्ध्या वाटेत माझी नजर काट्याकडे गेली. तो मध्यावर नव्हता. मध्याच्या बराच पुढे होता आणि लाल पट्ट्याकडे असा निघाला होता की जणू तिथे त्याचं लग्न आहे. आख्खा हिवाळा ज्याने मान वर केली नाही, तो आता तळ्याच्या मधोमध उसळला.

माझ्या डोक्यात एकच विचार. थोरली उलटी बसली. नाहीतर धाकटी. नाहीतर दोघी. थांबलो तर मासेघर पुन्हा रुतणार. न थांबलो तर इंजिन शिजणार. काठावर कुणीतरी घड्याळ पाहिलं. ब्रिटाची दुपार जवळ येत होती.

तेवढ्यात अर्लिननी हात पुढे केला आणि हीटर पूर्ण सोडला. मला आठवलं: गाडीतला हीटर इंजिनाचीच उष्णता ओढतो. जेवढी आत घ्याल तेवढी इंजिनातून कमी. मी पंखा शेवटच्या घराला नेला.

ज्या गाडीत मी आख्खा फेब्रुवारी श्वासाचा बर्फ खरवडला, त्या गाडीत आता भट्टी लागली. काचा खाली केल्या तरी भागेना. मी टोपी काढली, कोट काढला, स्वेटर काढला. अर्लिननी स्वेटर काढला, मग लोकरीचा सदरा काढला, मग त्याच्या आतला लोकरीचा सदरा काढला. गोठलेल्या तळ्यावरून, सगळ्या गावादेखत, बनियनवरचे दोन पुरुष लालबुंद तोंडांनी एक लाल घर ओढत चालले होते. काटा लाल पट्ट्याच्या उंबऱ्यावर थरथरत उभा राहिला. आत गेला नाही. मी सुद्धा थरथरत होतो, पण मला उंबरा नव्हता.

फळ्यांवर पुढची चाकं चढली. मागची चढली. मासेघराचं डावं चाक काठाशी घसरलं, "अर्लिन" हा शब्द अंमळ कलला, काठावरचं सगळं गाव खुर्च्यांतून उठलं, आणि मी पाय दाबला. गाडीने काळा धूर ओकला आणि "अर्लिन स्कोगन" अक्षरन् अक्षर कोरडं, रेतीवर आलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आमच्याकडे वाजवत नाहीत. थर्मासची झाकणं तेवढी लागली. इंजिनातून वाफ येत होती. मी बनियनवर खाली उतरलो. व्हर्जिल हात खिशात घालून गाडीच्या पुढे गेला, वाकला, सरळ झाला, घसा साफ केला.

"टोबी," तो म्हणाला, "हा पेंग्विन इथेच राहावा असा काही विचार आहे का? म्हणजे असेल तर चांगलंच आहे."

मी पुढे येऊन जाळीत पाहिलं. एक बोलका डोळा माझ्याकडे पाहत होता. त्याच्यामागे दुसरा पुठ्ठा, थंडीतल्या दुसऱ्या सदऱ्यासारखा. थर्मोस्टॅट बिचारे दोन्ही दारं उघडून उभे होते, आणि मी बाहेरून वाऱ्यालाच कडी लावली होती.

मी पुठ्ठे ओढून काढले. काटा लगेच खाली यायला लागला.

"हे तुम्हा सगळ्यांना दिसत होतं?"

"दिसत होतं," गाव म्हणालं.

"मी तर शनिवारीच त्याची चौकशी केली होती," डॉर्डीबाई दुखावून म्हणाल्या. मग त्यांनी आवाज चढवला. "तर हॅमचं सांगते. सोमवार सकाळपासून बुधवारपर्यंत सगळे हरलात. घर बुडणारच नाही, असं एकानेच सांगितलं होतं."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मीही बघायला लागलो. पिकअपच्या खिडकीतून, शाळेतल्या मुलासारखा, बनियनमधला एक म्हातारा हात वर आला.

मी खिडकीशी गेलो. त्यांनी यंत्र चालू केलं आणि वाट पाहिली.

"अर्लिन," मी म्हणालो, "पेंग्विन तुम्हाला दिसला होता?"

"सकाळीच."

"मग बोलला का नाहीत?"

"मी डॉर्डीला 'बुडणार नाही' सांगितलं होतं," ते म्हणाले. "'शिजणार नाही' असं कुठे म्हणालो?"

घरी परतताना हॅम त्यांच्या मांडीवर होता, मागे मासेघर झुलत येत होतं, काटा मध्यावर होता, आणि हीटरमधून येत होती तेवढी ऊब माणसाला पुरते. अर्लिननी आरशात मागे पाहिलं. मग पुढे रस्त्याकडे. मग हॅमवर हात ठेवून ते म्हणाले, "तसं वाईट नाही."

मी जवळजवळ खड्ड्यात गेलो. हे कुणाला? घराला? मला? हात तर हॅमवर होता. विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. पुढचा आख्खा आठवडा मी घरात येरझारा घातल्या. ब्रिटा म्हणाली, मोठ्या माणसाचं वाक्य आहे, ठेव जपून, कुणाचं का असेना.

त्या रविवारी तो हॅम आम्ही कापला. त्याला धुरी व्हर्जिलने स्वतः दिली होती, म्हणून त्यालाही जेवायला बोलावलं होतं. तीनदा विचारल्यावर आला. अर्लिननी पहिला घास घेतला. सावकाश चावला. सगळं टेबल थांबलं होतं, त्यात मी सर्वात जास्त.

"वेगळाच आहे हं," अर्लिन म्हणाले.

व्हर्जिलने मुकाट्याने कोट उचलला. आणि मी, देवा मला क्षमा कर, त्याला दारापर्यंत सोडायला जाताना शीळ घालत होतो.